नोकरीचं खरं नसताना कोणती सवय लावून घ्यावी?

कंपनीत कपातीची कुजबुज आहे, प्रोजेक्ट संपत आलाय, किंवा बेंचवर, म्हणजे पगार चालू पण हाताला प्रोजेक्ट नाही असं, बसून महिना होत आला. अशा वेळी 'आता काहीतरी चांगली सवय लावून घेऊ' असं हमखास वाटतं. वाटण्यात चूक काही नाही, घोडं अडतं ते निवडीपाशी. पहाटे उठायचं की रात्री जागायचं, टायमर लावायचा की वेळापत्रक आखायचं, वही की अ‍ॅप? सल्ले देणारे पैशाला पासरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी तुमचा पगार दर महिन्याला जमा होतोय असं धरूनच चाललेलं असतं.

म्हणून इथे प्रत्येक जोडीला मी एकच कस लावला आहे: उद्या ऑफिस सुटलं, तर ही सवय कशाच्या आधाराने टिकेल? मार्च 2020 मध्ये मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली, तेव्हा गाडीत रोज वाचणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कित्येकांचं वाचनच थांबलं. वेळ तर उलट वाढला होता. पण खिडकी मिळाली की पिशवीतून पुस्तक काढायचं, हे जिच्यामुळे घडत होतं ती डोंबिवलीची गाडीच नव्हती.

घड्याळाला बांधायची की आधीच्या कामाला?

एकीकडे 'पहाटे 5 ला उठून तासभर अभ्यास', दुसरीकडे 'सकाळच्या चहाचा कप विसळला की अभ्यासाला बसायचं'. पहिली सवय शिस्तशीर दिसते, चारचौघांत सांगायलाही बरी. पण शिफ्ट बदलली, अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल रात्री अकरापर्यंत लांबला, किंवा नोकरी जाऊन उठायची सक्तीच संपली, की पाचाचे सात होतात आणि सातला उठलेल्या माणसाला वाटतं, आजचा दिवस गेलाच. दुसरी जरा गबाळी वाटते खरी, पण चहा सहाला होवो की नऊला, कप विसळावाच लागतो. 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच पक्कं केलं तर नुसत्या 'करीन'पेक्षा ते जास्त पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये मांडलं होतं.

दिवस डळमळीत असताना मी कपाच्या बाजूची. घरात लहान मूल असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे शांत वेळ म्हणजे पहाटच, गजराला पर्याय नाही.

टायमर की कप्पे?

पोमोडोरोची पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस काढली. टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावायचा, 25 मिनिटं एकच काम, मग 5 मिनिटं सुट्टी. असे चार फेरे झाले की 15 ते 30 मिनिटांची मोठी सुट्टी. कप्प्यांच्या पद्धतीत कॅलेंडरवर दहा ते बारा अभ्यास, बारा ते एक अर्ज, असा दिवस आधीच वाटून टाकायचा.

मन ठिकाणावर नसतं, दर पाच मिनिटांनी ऑफिसचा ग्रुप उघडावासा वाटतो, तेव्हा दोन तासांचा कप्पा डोंगराएवढा वाटतो. 25 मिनिटं जमतात. पोमोडोरोचा मूळ नियम मात्र असा, की मध्ये व्यत्यय आला तर तो फेरा बाद, पुन्हा पहिल्यापासून. वन बीएचकेत दूधवाला, इस्त्रीवाला, कुरियर आणि 'जरा गॅस बंद कर रे' सांभाळून हा नियम पाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेवढा नियम खुशाल सोडा. ऑन-कॉल सपोर्टमध्ये, म्हणजे कधीही फोन येईल अशा कामात, असाल तर ही पद्धतच सोडा.

नोकरी चालू आहे तोवर दिवसाचा मालक मॅनेजर असतो. त्यात आपले कप्पे आखले तरी मीटिंग येऊन बसते, त्यामुळे रोज एक-दोन पोमोडोरो पुरेत. नोकरी सुटल्यावर किंवा बेंचवर दिवसाला कडाच राहत नाहीत, सोमवार आणि शनिवार सारखेच. तिथे कप्पे कामाचे, विशेषतः शेवटचा कप्पा: संध्याकाळी सहानंतर अर्ज नाही, लिंक्डइन नाही.

सलग दिवस मोजायचे की खाडे?

निवड करताना लोक या जोडीकडे लक्षच देत नाहीत. सवयींची अ‍ॅप सहसा सलग दिवस मोजतात. आकडा वाढत जातो तोवर मजा येते. पण ज्या काळात इंटरव्ह्यू, धावपळ, घरातली काळजी सगळं एकदम येणार आहे, त्या काळात खाडा पडणारच, आणि एका खाड्यात आकडा शून्यावर येतो. मग माणूस अ‍ॅपच काढून टाकतो.

दुसरी रीत आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच आहे. कालनिर्णय 1973 पासून निघतं आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे, कामवाल्या मावशींचे खाडे मांडत कितीतरी घरांचे हिशेब झाले आहेत. दूध आलं त्या दिवशी काहीच लिहायचं नाही, नाही आलं त्या दिवशी फुली. सवयीचंही तसंच करता येतं. माझ्या मावसभावाने बेंचवर असताना हेच केलं. महिनाअखेर पाहिलं तर बहुतेक फुल्या मंगळवारच्या. मंगळवारी सकाळी रिसोर्स मॅनेजरचा, म्हणजे कुणाला कोणत्या प्रोजेक्टवर टाकायचं ते बघणाऱ्याचा, फोन असायचा आणि त्यानंतर त्याचं कशातच मन लागत नसे. त्याने मंगळवारचा अभ्यास काढूनच टाकला, त्या जागी घरची बिलं आणि बँकेची कामं ठेवली. शून्यावर आलेल्या आकड्याने मंगळवार दाखवला नसता.

खाड्यांना घाबरू नये याला आधारही आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 96 जणांनी 12 आठवडे रोज एक छोटी गोष्ट ठरल्या प्रसंगाला जोडून केली. ती अंगवळणी पडायला लागणारा वेळ माणसागणिक 18 ते 254 दिवस निघाला, मध्यक 66, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. (अभ्यास 84 दिवसांचाच असल्यामुळे 254 हा आलेखावरून काढलेला अंदाज आहे.) एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. 21 दिवसांत सवय लागते ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरली. त्याचं निरीक्षण होतं ते रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, एवढंच. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर दोष तुमचा नव्हे.

वही की लॅपटॉप?

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर वही. कपातीच्या दिवशी लॉगिन दुपारच्या आत बंद होऊ शकतं आणि त्यात ठेवलेली दैनंदिनी, खर्चाचा तक्ता, अभ्यासाच्या नोंदी सगळं आतच राहतं. सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 स्वतःच्या मेलवर आहेत ना, हेही आजच पाहून घ्या. कंपनीच्या फायलींना मात्र हात लावू नका. रोजच्या खर्चासाठी फोन चालेल, पैसे यूपीआयनेच जातात.

जन्मभर की मुदतीपुरती?

चातुर्मासात आषाढी ते कार्तिकी एकादशी नेम धरणारी माणसं घरोघरी असतात. कुणी कांदा-लसूण-वांगं सोडतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. कार्तिकीला नेम सुटणार हे माहीत असतं, म्हणून तो निभतो. 'आता कायम असंच' म्हणणाऱ्याला सहा महिन्यांनी आपण कुठल्या शहरात असू हेही ठाऊक नसतं. आयटीत बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो, तीच मुदत धरा. संपल्यावर पुन्हा ठरवता येईल. औषधाच्या गोळ्या आणि झोप यांना मात्र हा नियम लावू नका.

जिम की टेकडी?

यात फार विचार नको. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून जिमवाले तेच गळ्यात मारतात, पण पुढच्या पगाराची खात्री नसताना बारा महिन्यांचे पैसे एकरकमी अडकवू नयेत. पुण्यात असाल तर तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. पावसाळ्यात टेकडीवर चिखल होतो, तेवढे महिने जिम लावायचीच असेल तर महिन्याच्या बोलीवर लावा. जास्त पैसे मागतील, ते द्या.