'साठा संपला' म्हणाले, तेव्हा कळलं

मागणीनुसार पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून माझे 62,500 रुपये गेले. त्यातले 28,500 पगारातून बाजूला काढलेले होते आणि 34,000 घरच्या उन्हाळी धानाच्या चुकाऱ्याचे. आपलं पुस्तक छापून घ्यायला निघालेल्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. खेळाचं पुस्तक असेल तर जास्तच, कारण या क्षेत्रात आपल्याकडे विचारायला माणूस सापडत नाही आणि फसवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मी साकोली तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. पाच वर्षं खपून मुलांसाठी एक भूमिकाखेळ लिहिला. सतरंजीवर चार-पाच जण बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि प्रसंग अडला की दोन फासे टाकायचे. कथा आमच्या मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची. कुणी तलाव बांधणारा कोहळी होतो, कुणी मासे धरणारा ढिवर, कुणी पाणी वाटणारा. पाऊस दडी मारतो आणि कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी पाणी द्यायचं हे मुलांनाच ठरवावं लागतं. पुस्तक 160 पानांचं, त्यातली निम्मी पानं तक्त्यांची.

नागपूरच्या एका छापखान्यानं किमान 500 प्रती घ्या म्हटलं. त्यांचं चूक नव्हतं. ऑफसेटला प्लेटा कराव्या लागतात आणि तो खर्च प्रती थोड्या असल्या तरी सुटत नाही. पण 500 पुस्तकं मी ठेवणार कुठे? घरात ओल आणि उंदीर. म्हणून मागणीनुसार छपाईची कल्पना मला फार आवडली आणि आजही ती पद्धत मला चांगलीच वाटते. डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही, एक प्रतसुद्धा छापता येते. वाचक पैसे भरतो, मग त्याची प्रत छापली जाते आणि परस्पर त्याच्या पत्त्यावर जाते. परदेशात खेळांची कितीतरी पुस्तकं अशीच विकली जातात. तिथल्या ड्राइव्हथ्रूआरपीजी या संकेतस्थळावर लेखकानं आधी स्वतः एक नमुना प्रत मागवून तपासायची असते, त्यानंतरच छापील पुस्तक विक्रीला लागतं. छपाईचा खर्च ग्राहकाच्या पैशातून वजा होतो आणि उरलेल्यातून लेखकाला वाटा मिळतो. मी हे नीट वाचलं होतं. तरी फसले.

जून 2024 मध्ये अशीच छपाई करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाचा फोन आला. एका शिक्षकांच्या गटात मी खेळाबद्दल लिहिलं होतं, तिथून नंबर मिळाला म्हणाला. बोलणं अत्यंत अदबीचं. "मॅडम, दिवाळीनंतर तुमच्याकडे मंडई भरते ना, तोवर पुस्तक तयार." मंडईच्या दिवसांत गावोगाव रात्रीची नाटकं असतात, पाहुणे येतात, पोरांच्या हातात पैसे असतात. माझ्या मनातलंच तो बोलला. 28,500 च्या पॅकेजमध्ये मांडणी, मुखपृष्ठ, सगळ्या मोठ्या दुकानांवर नोंदणी, 12 लेखक-प्रती आणि 'आयएसबीएनचं सरकारी शुल्क 5,000' असं लिहिलं होतं.

हे शुल्क नसतंच. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. मला हे पैसे भरल्यावर कळलं. पुस्तकावरचा क्रमांक मी फार उशिरा तपासला, आणि गणिताची शिक्षिका असून आधी तपासला नाही याचं दुःख अजून आहे. 13 आकडे डावीकडून एकाआड एक 1 आणि 3 ने गुणायचे, बेरीज करायची. ती 10 ने पूर्ण भागली गेली पाहिजे. माझी बेरीज 117 आली. तो क्रमांक कुणालाच दिलेला असणं शक्य नव्हतं.

ऑगस्टमध्ये 12 प्रती आल्या. तक्त्यांचा शेवटचा रकाना कापला गेला होता, म्हणजे कडेला 3 मिलिमीटर जास्तीची जागा सोडण्याइतकीही मांडणी केलेली नव्हती. फाशावर 11 पडला तर काय होतं, हे पुस्तकात वाचताच येत नव्हतं. बांधणी नुसत्या गोंदाची. गोष्टीचं पुस्तक त्यावर निभावतं, पण खेळाचं पुस्तक तासन्‌तास उघडं पसरून ठेवतात, त्याला जुजबंदीची शिलाई हवी. दुसऱ्याच रविवारी मुलांच्या हातात पानं सुटी झाली. तक्रार केली तर म्हणाला, "ही कच्ची प्रत आहे मॅडम."

आणि त्याच आठवड्यात 'आनंदाची बातमी' आली. पुण्याच्या एका वितरकाला 200 प्रती हव्यात. पैसे 90 दिवसांनी येतील, तोवर छपाईचे प्रतिप्रत 170 रुपये मी भरायचे. सासूबाई चुलीजवळ बसल्या होत्या, फोनवरचं सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अवं बाई, इकत घेनारा पैसे देईल ना? आपन काहून द्यावं?"

मी त्यांना वितरणाची साखळी समजावून सांगितली. त्यांच्या प्रश्नात सगळा व्यवहार होता. स्वतःसाठी प्रती मागवल्या तर पैसे आपण द्यायचे, हे ठीक. पण ग्राहकाच्या मागणीसाठी लेखकाकडे पैसे मागितले, तर ती मागणीनुसार छपाई उरलीच नाही. मी 34,000 पाठवले, तेही एका व्यक्तीच्या खात्यात. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का हे पाहायला दोन मिनिटं लागली असती.

मग त्यांच्या संकेतस्थळावरच्या माझ्या पानावर विक्रीचे आकडे दिसू लागले. मानधन काढायला गेले तर आधी 6,250 रुपये 'टीडीएस' भरा म्हणे. टीडीएस देणाऱ्यानं कापून घ्यायचा असतो, घेणाऱ्याला आधी भरायला सांगत नाहीत. इथे मी थांबले. नागपूरच्या मामेभावाला म्हटलं, दादा, एक प्रत मागवून बघ. त्यानं त्यांच्याच संकेतस्थळावर पाहिलं आणि फोन केला, "अगं, साठा संपला असं दाखवतंय."

जे पुस्तक मागणी आल्यावर छापायचं, त्याचा साठा संपेल कसा?

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या सरकारी नंबरवर फोन केला तेव्हा पैसे पाठवून 19 दिवस झाले होते आणि खातं रिकामं होतं. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम वाटेत गोठवता येते. संशय आला की लाज बाजूला ठेवून आधी तो नंबर फिरवा. भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. स्क्रीनशॉट, पावत्या, फोनच्या तारखा मी वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या.

पैशांपेक्षा करार जास्त छळतोय. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' या ओळीखाली मी सही केली होती. वकिलांनी सांगितलं, मुदत लिहिलेली नसली तर कॉपीराइट कायद्यात ती 5 वर्षं धरतात. करार रद्द करण्याची नोटीस पाठवली आहे, ती दोनदा परत आली. निकाल लागेपर्यंत खेळ विकू नका, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून साकोलीच्या झेरॉक्सच्या दुकानात 30 प्रती स्पायरल लावून घेतल्या आणि आसपासच्या शाळांना नुसत्याच दिल्या. त्यांत शेवटचा रकाना पूर्ण आहे.