ग्रीस गन घेताय? हँड, हवेची की बॅटरीची

ग्रीस गन कोणती घेऊ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, ग्रीस मारणार कोण? आपल्याकडे तळोजा, कळंबोली, उरण पट्ट्यात ज्यांच्या एक-दोन जेसीबी आणि एखादं पोकलेन भाड्याने फिरतंय त्यांच्याकडे हेल्पर आज असतो, उद्या गावी गेलेला असतो, आणि ग्रीसचं काम सकाळी एकट्या ऑपरेटरच्या गळ्यात पडतं. माझ्याकडे लिव्हरची हँड गन, बादलीचा पंप, हवेची गन आणि बॅटरीची असं सगळं वापरून झालंय, आणि सध्या मशीनसोबत बॅटरीची फिरते. तरी सगळ्यांनी तीच घ्या असं मी म्हणणार नाही, का ते पुढे येईलच.

हँड गनबद्दल वाईट बोलायला खरं तर जीभ रेटत नाही. हजार-बाराशेत बरी मिळते, चिखलात पडली तर पुसून परत चालू, चार्जिंग नाही, काही नाही. एका स्ट्रोकला साधारण एक ग्रॅम ग्रीस जातं, पण गनगणिक फरक असतो, म्हणून नवीन आणली की दहा स्ट्रोक कागदावर काढून किचनच्या काट्यावर ठेवायचे, म्हणजे मॅन्युअलमध्ये ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल तर आपल्या गनचे किती स्ट्रोक ते कळतं. आणि हाताला जे कळतं ते दुसऱ्या कुठल्याच गनला कळत नाही. लिव्हर एकदम कडक झाली की निप्पल, म्हणजे ग्रीस आत जायचं तोंड, जाम आहे नाहीतर सांध्याच्या पिनवर लोड आहे. मग बकेट जमिनीला टेकवून बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, जरासा हलवायचा, लोड निघाला की तोच पिन ग्रीस खायला लागतो. तरीही नाहीच खाल्लं तर निप्पल बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, तिच्याशी भांडत बसू नका.

आता मला नडलं ते सांगतो. लिव्हरच्या गनला तिसरा हात लागतो. एक हात नळकांड्यावर, दुसरा लिव्हरवर, आणि कप्लर, म्हणजे होजच्या टोकाची पकड, निप्पलवर सरळ धरायला कोण? खालच्या बकेटच्या पिनांना चालून जातं, उभं राहून गन मांडीला टेकवून काम होतं. पण बूम आणि त्याच्या पुढच्या आर्मच्या सांध्याचा पिन घ्या. ट्रॅकवर नाहीतर शिडीवर चढलेला माणूस, एक पाय अधांतरी, गन पोटाशी दाबलेली, लिव्हर दाबली की होज झटका देते, कप्लर तिरका होतो आणि ग्रीस आत जायच्या ऐवजी कडेने सोऱ्यातून शेव पडावी तसं बाहेर. पाच-सहा स्ट्रोक असेच वाया गेले की माणूस वैतागून खाली उतरतो आणि म्हणतो, शेठ झालं. वाया गेलेल्या ग्रीसचं मला तेवढं दुःख नाही. पण अवघड जागेचे पिन रोज सुटतात आणि ते कोणी सांगत नाही. संध्याकाळी टॉर्च मारून बघा, बकेटच्या पिनांच्या कडेला ताजं ग्रीस चमकत असतं आणि वरच्या सांध्याला जुनं काळं, त्यावर क्रशरची पांढरी धूळ बसलेली. पोकलेनच्या पुढच्या भागातच पंधरा-वीस पॉइंट, जेसीबीला त्याहून जास्त, त्यातले तीन-चार कायम कोरडे राहिले की आधी पिनभोवतीचा बुश जातो, मग पिन, आणि तरीही तसंच चालवलं तर भोकच लांबट होतं, मग भोक परत गोल करणारा लाइन बोअरिंगवाला बोलवा आणि मशीन उभी ठेवा. त्या एका बिलात कुठलीही गन आली असती.

काही मशीनला बूमच्या वरचे निप्पल नळ्या टाकून खाली एका जागी आणलेले असतात, तुमच्याकडे तसं असेल आणि नळ्या धड असतील तर माझा हा सगळा वैताग तुम्हाला निम्माच लागू आहे.

यावर एक स्वस्तातला तोडगा आहे, लॉकवाला कप्लर. साध्या चार जबड्याच्या कप्लरऐवजी खटका दाबून निप्पलला पकडून बसणारा येतो, तो हँड गनला लावला की तिसऱ्या हाताचं निम्मं काम होतं. ज्यांचं बजेट नाही त्यांनी आधी हेच करून बघावं, कदाचित बॅटरीपर्यंत जायची गरजच पडणार नाही. फक्त होज अखडलेली नको, नाहीतर लॉक असूनही निप्पलवर ताण येतो.

बादलीचा पंप, म्हणजे पाच-दहा किलोचा हँडलवाला, तो दोन माणसांचा खेळ आहे. एक हँडल मारणार, दुसरा होज धरून पिन-पिन फिरणार. दोन माणसं असतील तर याच्याइतकं भराभर काम क्वचितच होतं. त्रास एकच, झाकण. पनवेल बाजूच्या खाणीत काम असेल तर झाकण नीट बसलेलं नसलं की ग्रीसमध्ये कच जाते, आणि ते ग्रीस मग पिनला वंगण देत नाही, पॉलिश पेपरचं काम करतं.

हवेच्या गनवर फार बोलत नाही. ४०:१ किंवा ५०:१ रेशोची असते, कॉम्प्रेसरचं १०० पीएसआय (दाबाचं माप) आलं की चार-पाच हजार पीएसआय ग्रीसवर मिळतं, तर हँड आणि बॅटरी गनच्या डब्यावर सरळ १०,००० लिहिलेलं असतं. वर्कशॉपमध्ये मशीन आत येऊन उभी राहत असेल तर हवेचीच घ्या, मस्त चालते. द्रोणागिरीच्या भरावावर कॉम्प्रेसर कुठून आणणार? आणि जुलैत लाइनमधलं पाणी रोज काढावं लागतं ते वेगळंच.

बॅटरीची गन. एका हाताने ट्रिगर, दुसऱ्याने कप्लर, विषय संपला. एकटा ऑपरेटर शिडीवर उभा राहून वरचा पिन भरतो, बुशच्या कडेने ताजं ग्रीस डोकावलं की बोट सोडतो. माझ्या अंदाजाने वेळ निम्म्याहून कमी लागतो, घड्याळ लावून नाही बघितलं, पण आता चहा यायच्या आधी काम आटपलेलं असतं आणि टॉर्च मारली तर वरचे पिनही ओले दिसतात, मला तेवढं पुरे आहे.

तिची दुखणी पण आहेत. महाग आहे, दहा हजारांच्या पुढे, नावाजलेल्या कंपनीची बरीच पुढे. त्यातल्या त्यात एक करा, माकिता, डिवॉल्ट वगैरे ज्या कंपनीचं ड्रिल-ग्राइंडर आधीच असेल त्याच कंपनीची गन बघा, बॅटरी आणि चार्जर वाचतो, फक्त व्होल्ट आणि सिरीज तीच आहे ना ते बघून घ्या. वजनाला जड आहे, भरलेली गन डोक्यावर धरून काम करायला दंड दुखतात, खांद्याला पट्टा लावाच. पावसात बॅटरी काढून केबिनमध्ये ठेवायची सवय ऑपरेटरला लावायला लागते.

आणि एअर लॉक. आपल्याकडे ४०० ग्रॅमचं कार्ट्रिज प्रत्येक दुकानात मिळत नाही, मिळतं ते बादलीतलं ग्रीस, त्यामुळे गनचं तोंड बादलीत खुपसून दांडा ओढून भरायचं. बादलीत खड्डे पडलेले असले की ग्रीसबरोबर हवा पण येते, मग मोटर नुसती घुर्रर करते आणि कप्लरमधून काहीच नाही. आधी ग्रीस पट्टीने सपाट करून घ्या, नळकांडं खोल ठेवून दांडा हळू ओढा, भरल्यावर व्हेंटचं बटण दाबून हवा काढा. चमच्याने भरणाऱ्यांना हे दुखणं कायमचं. हँड गनलाही हे होतंच, पण तिथे दोन-चार रिकाम्या स्ट्रोकमध्ये लगेच लक्षात येतं.

बॅटरीच्या गनला हाताचं ज्ञान नाही, म्हणून मी जुनी हँड गन विकली नाही. जाम निप्पल शोधायला, पोकलेनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या स्लूइंग बेअरिंगला, आणि तळोज्यात फॅक्टरीतल्या मोटरांचं मेंटेनन्स कोणाकडे असेल तर मोटरच्या बेअरिंगला हँड गनच. तिथे मोजून द्यायचं असतं, ट्रिगर दाबून ठेवला की सील बाहेर येते आणि मोटरच्या बेअरिंगला जास्त ग्रीस म्हणजे गरम होणं आलंच. ट्रॅकचं टेन्शन वाढवायला पण मी लिव्हर वापरतो, थोडं भरून झोळ बघता येतो. टेन्शन कमी करताना मात्र ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह समोर उभं राहून उघडू नका, बाजूला राहून, हळूहळू, पुस्तकात लिहिलंय तेवढाच फिरवा, आत दाबाखाली ग्रीस आहे.

दाबाचा विषय निघालाच आहे तर, होजला फुगा दिसला की ती फेका, आणि गळती बोट लावून कधीच बघू नका. बारीक भोकातून आलेलं ग्रीस कातडीतून आत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आतून बोट सडायला लागतं. तसं झालं तर संध्याकाळची वाट न बघता ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरने ग्रीस आत गेलंय. बॅटरीच्या गनमध्ये हा धोका जरा जास्त वाटतो मला, कारण दुसरा हात होजवरच असतो, म्हणून स्प्रिंगचं गार्ड असलेलीच होज लावा.

ग्रीस काय घालायचं ते मशीनचं पुस्तक सांगतं, बहुतेक ठिकाणी जास्त दाब सोसणारं ईपी २ लिथियम, जड पिनांना मोलीवालं (मॉलिब्डेनम घातलेलं). रंग बघून एकच समजू नका, रंग कंपनी तिला हवा तो देते. पॉलियुरियाचं आणि लिथियमचं मिसळलं तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातं. निप्पल आधी पुसा, मग कप्लर लावा, आणि काम झाल्यावर निप्पलवर ग्रीसचा ठिपका राहू द्या, उरणच्या खाऱ्या हवेत तो ठिपका निप्पलला गंजू देत नाही.

मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गन घ्यायला गेलात तर खिशात एक जुना निप्पल टाकून न्या आणि दुकानातच कप्लर त्यावर लावून, तिरका ओढून बघा. सटकला तर दुसरा मागा. आणि होज एक जास्तीची, त्याच थ्रेडची, त्याच वेळी घ्या, बॅटरीच्या गनची होज साइटवर फाटली की जवळच्या दुकानात मिळेलच याचा भरवसा नाही.