द्राक्षबागेभोवतीची काटेरी तार: चौदा महिन्यांनंतर

आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे, तीन एकर. गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्या चारही बाजूंनी काटेरी तार ओढून घेतली. तेव्हापासून एक पूर्ण पावसाळा, ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची), थंडी, काढणी आणि एप्रिलची खरड छाटणी (काढणीनंतरची) होऊन गेली, आणि आता दुसरा पावसाळा चालू आहे. लिहायला इतके दिवस मुद्दाम थांबले. नवी तार आठवडाभर चांदीसारखी चमकते, तेव्हा प्रत्येक कुंपण चांगलंच वाटतं.

येणारा जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "ताई, किलोचा काय भाव पडला?" भाव सांगते, पण त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन दुकानात गेलात तर तुम्ही फसणार आहात. मीही एकदा तशीच फसले आहे.

आधी माप सांगते. बागेचा घेर ४५० मीटर. सात फुटी सिमेंट पोल, दर तीन मीटरला एक, म्हणजे १५० च्या आसपास. दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. आडव्या पाच ओळी आणि प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन पोलांमधल्या जागेत, दोन तिरप्या तारा. एकूण सव्वातीन हजार मीटर तार लागली, वजनात साधारण ३८० किलो. तारेला ३६ हजार गेले, पोलला ५७ हजार, मजुरी आणि फाटक धरून सव्वा लाखाच्या पुढे. तार १२ बाय १४ गेजची. यातला पहिला आकडा आडव्या मुख्य तारेचा, दुसरा काट्याच्या तारेचा. १२ गेज म्हणजे २.६४ मिलिमीटर, १४ म्हणजे २.०३. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, आणि हा उलटा हिशोब नवख्याच्या लक्षात येत नाही.

याआधी बागेला नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावलेलं जिवंत कुंपण होतं. शेराची चिकाळ झुडपं, मधे मधे सागरगोट्याची काटेरी वेल, आणि जिथे खिंडार पडेल तिथे बाभळीच्या काट्या. ते कुंपण खरोखर चांगलं होतं. पण शेराने दोन ओळींची जागा खाल्ली होती, आणि बाभळीच्या काट्या दरवर्षी नव्याने घालायला आता माणसं मिळत नाहीत. नानांनी जड मनाने परवानगी दिली. नाल्याच्या कडेचा सागरगोटा मात्र काढू दिला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं, ते पुढे कळलं.

आता फसल्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी गोठ्यामागे दोन बंडल तार लावली होती. दुकानदाराने १२ गेज म्हणून दिली, भाव इतरांपेक्षा किलोमागे बारा रुपये कमी, वर "एका किलोत जास्त मीटर बसते बघा" असं कौतुकाने सांगितलं. एकाच पावसाळ्यात तार लाल झाली. दुसऱ्या पावसाळ्यात काट्याच्या पिळापाशी हाताने वाकवली तरी तुटायची. मिस्टरांनी कंपनीतून जाडी मोजायचा व्हर्नियर आणला आणि मोजली, तर २.२ मिलिमीटर भरली. किलोत जास्त मीटर बसत होते कारण तारच बारीक होती, आणि वरचा जस्ताचा थर जवळपास नव्हताच. म्हणून या वेळी ठरवलं की तार कशी तयार होते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सिन्नरच्या बाजूला ओळखीच्या एका कारखान्यात अर्धा दिवस उभी राहिले. साडेपाच मिलिमीटरची सळई गुंडाळ्यांमध्ये येते. तिच्यावरची काळी पापडी आम्लात बुडवून काढतात. मग ती टंगस्टन कार्बाइडच्या डायमधून, एकापेक्षा एक लहान भोकांतून खेचत बारीक करतात. नंतर वितळलेल्या जस्ताच्या कढईतून नेतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, कढई साडेचारशेच्या आसपास ठेवतात. इथपर्यंत सगळे सारखंच करतात. खरी जागा कढईच्या बाहेर आहे. तार जस्तातून वर येताना ती कशी आणि किती पुसली जाते, यावर थर किती राहतो ते ठरतं. घट्ट पुसली तर तार गुळगुळीत, चकचकीत दिसते, जस्त कमी लागतं आणि कारखान्याचा पैसा वाचतो. दुकानात आपण जी जास्त चमकते तीच उचलतो. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर गोठ्यामागची तार लागली नसती.

जस्ताचं मोजमाप ग्रॅममध्ये असतं, एका चौरस मीटर पृष्ठभागावर किती ग्रॅम. ८० ग्रॅम म्हणजे सुमारे ११ मायक्रॉन जाडी, २४० ग्रॅम म्हणजे ३४ मायक्रॉन. डोळ्याला दोन्ही सारखेच. उघड्यावर जस्त थोडं थोडं झिजत राहतं, म्हणून थर तिप्पट असेल तर आयुष्यही जवळपास तिप्पट. बिलावर आयएस २७८ लिहून मागा. काटेरी तारेचं भारतीय मानक तेच आहे. जस्ताच्या थराचं मानक आयएस ४८२६. यातलं एकही लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.

काटा घालायचं यंत्र बघताना मात्र मी खरंच हरखून गेले. दोन मुख्य तारा समोरून सरकत येतात, काट्याच्या तारा बाजूंनी. त्या मुख्य तारेभोवती वेढा घेतात, चाकू त्यांना तिरपं कापतो म्हणून टोक येतं, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही मुख्य तारांना पीळ बसतो. काटा त्या पिळात अडकतो, म्हणून सरकत नाही. हीच युक्ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने शोधली आणि २४ नोव्हेंबर १८७४ रोजी तिचं पेटंट त्याला मिळालं. काटे असलेली तार त्याच्या आधीही लोकांनी करून पाहिली होती, पण दुसऱ्या तारेच्या पिळाने काटा जागेवर धरून ठेवायची त्याची रीत टिकली. दीडशे वर्षांनी सिन्नरच्या शेडमध्ये तेच चाललं होतं. माझ्या तारेचा पीळ प्रत्येक काट्यानंतर दिशा बदलतो, त्याला उलटा पीळ म्हणतात. चौदा महिन्यांत एकही काटा घसरून शेजारच्या काट्याजवळ गेलेला नाही. गोठ्यामागच्या तारेचे काटे बोटाने ढकलले तरी सरकायचे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. तारेवरचं जस्त तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतंच. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरची फवारणी, केल्यावर आपण लोखंडी विळा त्यात बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजतो आणि चुना वाढवतो. मोकळं तांबं लोखंडावर बसतं, म्हणून हे कळतं. तारेची चाचणी याच गुणावर चालते, आणि कारखान्यांतही ती करतात. काचेच्या बरणीत १०० मिली डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. त्यात ३६ ग्रॅम मोरचूद विरघळवायचं. तारेचा तुकडा रॉकेलने पुसून, धुऊन, कोरडा करायचा आणि बरोबर एक मिनिट बुडवायचा. बाहेर काढून पाण्यात धुवायचा, फडक्याने पुसायचा. जस्त शिल्लक असेल तर काळी भुकटी धरते आणि ती पुसली जाते. जस्त संपलं असेल तर लोखंडावर चकचकीत तांबूस थर येतो, पुसला तरी जात नाही. कापलेलं टोक लाल होणारच, ते धरायचं नाही. पुन्हा बुडवायचा, पुन्हा पुसायचा, आणि किती मिनिटं टिकला ते मोजायचं. हातमोजे घाला आणि घरातलं भांडं वापरू नका.

मी पाच दुकानांतून वीतभर वीतभर नमुने आणले. दोन पहिल्याच मिनिटाला लाल झाले. एक दुसऱ्या मिनिटाला. एकाची मुख्य तार टिकली, पण काटा पहिल्याच बुडीत लाल. म्हणजे कारखान्याने काट्याला हलकी तार वापरली होती. काटा गंजला की गंज तिथूनच सुरू होतो, कारण पिळात पाणी साचतं. पाचवा नमुना तीन मिनिटं पूर्ण निघाला. तो किलोला नऊ रुपये महाग होता. तीच तार घेतली. आल्यावर प्रत्येक बंडलातला एक मीटर कापून वजनकाट्यावर तोलला, ११८ ग्रॅमच्या आसपास भरला. बंडलं सगळी सारखी आहेत की नाहीत हे यातून कळतं.

चौदा महिन्यांनी तीन बाजूंची तार फक्त मळकट राखाडी झाली आहे, गंजाचा ठिपका नाही. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला मात्र वरच्या दोन ओळी काळवंडल्यात आणि काट्यांच्या टोकांवर लाली दिसते. तिथे आमचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, वळतो. गेल्या पावसाळ्यात केवडा आणि करपा या बुरशीच्या रोगांसाठी बोर्डोच्या फवारण्या झाल्या, आणि वळताना फवारा सरळ तारेवर जायचा. एकदोनदा चुना कमी पडून मिश्रण आंबट राहिलं असणार, घाईत विळ्याची चाचणी झाली नव्हती. जी चाचणी मी बरणीत केली तीच नकळत तीस मीटर तारेवर करून बसले. चुना नीट पडलेलं मिश्रण तारेला फारसं काही करत नाही. आता वळणावर ब्लोअरचे त्या बाजूचे नोझल बंद करतो, आणि चुकून उडालंच तर साध्या पाण्याने तार धुतो.

तारेपेक्षा जास्त त्रास पोलने दिला, आणि तिथे चूक माझी. मधले पोल दोन फूट चालतात, पण कोपऱ्याचेही दोन फूटच पुरले. मिस्त्री म्हणाला होता, "ताई, कोपऱ्याला काँक्रीट आणि दोन्हीकडून टेकू द्या." मी चार पोलांचा खर्च वाचवला. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते, आणि पोल दर वर्षी थोडा थोडा हलतो. त्यात तार आम्ही मे महिन्यात भर दुपारी ओढली, ताणून वाजेल अशी. शंभर मीटर लोखंडी तार ३५ अंशांच्या फरकाला चार सेंटिमीटर आकसते. आपल्याकडे मे महिन्यात ४० च्या घरात आणि जानेवारीत निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पाच-सहा अंश, म्हणजे फरक तेवढाच. जानेवारीत ईशान्येचा पोल आत झुकला, आणि एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर त्या बाजूच्या पाचही ओळी लोंबायला लागल्या. मग चारही कोपरे पुन्हा खणले, साडेतीन फूट, खाली मुरूम, वर काँक्रीट, दोन्ही दिशांना टेकू. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट गेले. या वेळी तार सकाळी ओढली आणि हाताने दाबल्यावर दोन बोटं वाकेल एवढीच ताणली.

कुंपणाने कोणाला अडवलं तेही सांगायला हवं. मोकाट गुरं पूर्ण थांबली. काढणीच्या काळात रात्री घड तोडून नेणारे थांबले, मोटरची केबल या वर्षी जागेवर आहे. रानडुक्कर थांबलं नाही. ते तळातून माती उकरून येतं, त्याला काट्याचं काही वाटत नाही. नाल्याच्या बाजूने मात्र एकदाही आलं नाही, कारण तिथे नानांचा सागरगोटा आहे. बिबट्याला या तारेने अडवू असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या पट्ट्यात ऊस आहे, बिबट्या आहे, आणि तो पाच फूट सहज ओलांडतो. त्याच्यासाठी गोठा बंद करणं हाच उपाय.

तारेत वीज सोडायचा सल्लाही मिळाला. कळकळीने सांगते, घरची लाइन कुंपणाला कधीही जोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात, बऱ्याचदा घरचीच. सौर झटका यंत्र ही वेगळी वस्तू आहे. ते बॅटरीवर चालतं, क्षणभराचा झटका देतं आणि थांबतं. तेही माहितगाराकडूनच बसवून घ्यावं.

विहिरीजवळ पंपघराच्या भिंतीवर पंधरा मीटर ब्लेडवाली गोल कॉइल लावली आहे, देवळालीकडे लष्करी हद्दीच्या भिंतींवर दिसते तशी. ती पिळाची तार नसते. जस्ताचा थर दिलेल्या पोलादी पत्र्यातून ब्लेडची पट्टी ठोकून काढतात आणि ती अडीच मिलिमीटरच्या कडक तारेवर दाबून बसवतात. चोराला ती चांगली अडवते. पण शेतात बांधाला ती लावू नका. फेब्रुवारीत तिच्यात एक घुबड अडकलं. शेजारच्या भाऊंनी गोणपाट टाकून सोडवलं, पण एक पंख कापला गेला होता. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर कॉइलवर जुन्या शेडनेटच्या पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, रात्री दिसाव्यात म्हणून. त्यानंतर काही अडकलेलं नाही.

मेंढपाळांची वाटही तारेने बंद झाली होती. दिवाळीनंतर मेंढ्या आल्या तेव्हा तळाच्या ओळीला लोकरीचे पुंजके अडकले, एका कोकराचा कान फाटला. आता पश्चिमेला चार मीटरचं फाटक ठेवलं आहे, आणि गाडीवाटेच्या बाजूची तळाची ओळ बिनकाट्याच्या साध्या तारेची केली आहे. लहान मुलंही त्याच बाजूने शाळेत जातात.

पुढच्या महिन्यात पूर्वेच्या वरच्या दोन ओळी बदलणार आहे, साठ मीटर तार, साधारण सात किलो. दुसऱ्या दीड एकराला दिवाळीनंतर कुंपण करायचं ठरलं आहे. तिथे कोपऱ्याचे पोल आधी पुरून, काँक्रीट महिनाभर मुरू देऊन मगच तार आणायची. रानडुकराच्या बाजूला तारेच्या आतून सागरगोटा. बिया नानांनी काढून ठेवल्या आहेत, पाण्यात भिजत घालायच्या आधी त्या दगडावर घासायचं काम सध्या माझ्या मुलीकडे आहे.