अंगणातलं शेवाळ आणि प्रेशर वॉशर: काय बघून घ्यायचं, काय बिघडतं

जांभ्याच्या चिऱ्यांचं अंगण, रस्त्यापासून घरापर्यंत उतरणारी पायऱ्यांची पाखाडी आणि मागे होमस्टेच्या चार खोल्या. रत्नागिरीकडच्या पावसाला एवढं पुरतं. श्रावण सरेपर्यंत पायऱ्यांवर हिरवंकाळं बुळबुळीत शेवाळ धरतं आणि गणपतीला मुंबईहून आलेला पाहुणा बॅगेसकट पहिल्याच पायरीवर आडवा होतो. खराटा आणि ब्लीचिंग पावडर हा जुना उपाय चांगलाच आहे, पण ब्लीचिंगचं पाणी थेट अळवाच्या वाफ्यात उतरतं आणि खराटा मारायला हल्ली माणूस मिळत नाही. म्हणून प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या दाबाने पाण्याची धार मारणारं मशीन, घेतला.

मशीनच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्वस्तातली बरीचशी मशिनं एकाच साच्यातून निघालेली असतात, स्टिकर तेवढं वेगळं. तेव्हा आत काय आहे ते सांगते, ते जास्त कामाचं.

आधी खोक्यावरच्या आकड्यांविषयी. सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘बार’, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आकडा, छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तिथेच भुलतं. एक साधा हिशेब करा. बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले ६००. येतात ते किलोवॅट, म्हणजे पाण्यातून बाहेर पडणारी ताकद. आता खोक्यावर १८०० वॉट, २०० बार आणि मिनिटाला १० लिटर असं लिहिलेलं असेल तर पाण्याची ताकद होते ३.३ किलोवॅट. आत गेली १.८ आणि बाहेर आली ३.३? असं मशीन निघालं तर महावितरणच बंद पडेल. हे दोन आकडे एकाच वेळचे नसतात. बार हा कमाल, तोही क्षणभराचा, आणि लिटर मोजलेले कमी दाबावर. उलट कार्चर कंपनीच्या के-२ या मशीनचं बघा. १४०० वॉट, कमाल ११० बार, तासाला ३६० लिटर. हिशेब येतो १.१ किलोवॅट. हे पटतं. ‘रेटेड’ (सलग चालताना राहणारा) आणि ‘मॅक्स’ (कमाल) असे दोन्ही दाब वेगवेगळे छापणारी कंपनी निदान आकड्यांशी तरी प्रामाणिक आहे असं मी धरते. घरच्या कामाला १०० ते १३० बार रग्गड झाले. त्याहून जास्त दाबाने शेवाळ लवकर निघत नाही, चिरा मात्र लवकर झिजतो.

खरा फरक मोटरचा. हलक्या, हातात उचलून नेता येणाऱ्या मशिनांत कार्बनवाली युनिव्हर्सल मोटर असते. किंचाळते, लवकर तापते आणि कार्बन झिजले की ठिणग्या आणि जळका वास. आठवड्याला एकदा गाडी धुवायची तर तीही वाईट नाही, पैसे निम्मे लागतात. मी इंडक्शन मोटरचं घेतलं. जड आहे, पाखाडीवरून खालीवर करताना दोघं लागतात, पण आवाज कमी, कार्बनची भानगड नाही आणि दुपारभर चालवलं तरी कुरकुर करत नाही. शिवाय गावातल्या वायंडिंगवाल्याला ही मोटर ओळखीची. विहिरीच्या पंपांवर त्याची हयात गेली आहे. घेण्याआधी त्यालाच विचारलं होतं, तेव्हा म्हणाला, “वहिनी, जी मी उघडू शकतो ती घ्या.” कंपनीच्या जाहिरातीपेक्षा हे मला जास्त पटलं.

दुकानदाराला आणखी एक विचारायचं: गन, होजपाइप आणि ओ-रिंगचा (सांध्यात बसणाऱ्या रबरी कड्यांचा) सेट सुटा मिळतो का, आणि आत्ता दुकानात आहे का? “मागवून देऊ” हे उत्तर नाही. होजच्या टोकाचा आटाही बघून घ्या. एम-२२ चा, म्हणजे २२ मिलिमीटरचा, असेल तर दुसऱ्या कंपनीची गन बसण्याची आशा असते, पण त्यातही आतली नळी १४ मिलिमीटरची आणि १५ ची असे दोन प्रकार येतात. आटे जुळतात, पाणी मात्र गळत राहतं. काही कंपन्यांचं खटक्याचं कनेक्शन फक्त त्यांचं त्यांनाच लागतं.

आता बिघाड. दुकानात ‘मशीन खराब’ म्हणून जे येतं त्यातलं बरंच मशीनमध्ये नसतंच, पाण्यात आणि वायरीत असतं.

पाणी धक्के देत येतंय, दाब वरखाली होतोय, तर पंपाने हवा धरली आहे. टाकी छतावर, तिथून अर्ध्या इंचाचा लांबलचक पाइप, मधे दोन सांधे. मशीन मागतं तेवढं पाणी त्याला मिळत नाही. नळाखाली १० लिटरची बादली लावा. मशीन मिनिटाला ७ लिटर मागत असेल तर बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली पाहिजे. भरत नसेल तर पाइप बदला, मशीनला शिव्या देऊ नका. बादलीतून किंवा पिंपातून पाणी खेचत असाल तर गंमत वेगळी. ओढणारा सांधा बाहेर थेंबही गळत नाही, कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत गुपचूप हवा घेत असतो. मी ओढायला पारदर्शक पाइप लावला आहे, बुडबुडे कुठून सुरू होतात ते डोळ्यांनी दिसतं. क्लिप आवळली की बहुतेक वेळा काम होतं. आणि सुरुवातीला बटण दाबायच्या आधी गन उघडी धरून पाणी सलग येऊ द्यायचं, हवा निघून जाते. कोरडा पंप चालवला की आतले सील जळतात.

दाबच नाही, तर आधी आत येणाऱ्या पाण्याची जाळी काढा. आमच्याकडे तिच्यात लाल मातीचा गाळ आणि शेवाळाचे तंतू अडकलेले असतात. मग नोझल, म्हणजे गनच्या टोकाची तोटी. भोक एवढंसं असतं की वाळूचा एक कण पुरतो. सुई उलट्या बाजूने घालायची, म्हणजे कण आला त्या वाटेने बाहेर पडतो. आणि हसू नका, पण साबणाचं काळं नोझल लावून “प्रेशर गेलं” म्हणणारे लोक आहेत. ते कमी दाबाचंच असतं.

मोटर नुसती ‘हूं’ करते, फिरत नाही. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं तेव्हा हे हमखास. लगेच बटण बंद, नाहीतर वायंडिंग जाईल. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायचा. मिक्सरची बारीक वायर जोडून अंगणापर्यंत नेली की तिच्यातच व्होल्टेज खाल्लं जातं. मी अडीच एमएमची वायर करून घेतली आहे, पुढे ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे आणि अर्थिंग तपासलेलं आहे. ओल्या अंगणात उघड्या पायांनी हे काम करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सुरू करताना ट्रिगर दाबून आतला दाब सोडून द्या, मोटरवरचा भार हलका होतो. तरीही फिरली नाही तर मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर गेला असेल. तो स्वस्त असतो आणि बदलणंही सोपं, पण वायंडिंगवाल्याकडूनच, कारण वायर काढल्यावरही त्यात करंट उरतो.

सगळ्यात बुचकळ्यात टाकणारा बिघाड म्हणजे गन सोडलेली, हात लावलेला नाही, आणि मशीन आपोआप घर्र करून उठतं, गप्प होतं, परत उठतं. होमस्टेच्या पाहुण्यांनी तर भूत आहे का विचारलं. गन सोडली की पाण्याचा दाब नळीत अडकून राहतो आणि त्याच दाबाने आतला स्विच बंद धरलेला असतो. कुठेही गळती असली की दाब उतरतो, स्विच सुटतो, मोटर उठते. म्हणजे बिघाड मोटरचा नाही, गळतीचा. गनचं तोंड बघा, होजचे दोन्ही सांधे बघा, पंपाच्या खाली कोरडा पुठ्ठा सरकवून बघा. पुठ्ठ्यावर डाग पडला नाही, सांधे कोरडे, तरी उठतंय, तर आतल्या झडपेत कचरा. माझ्या वेळी गनच्या सांध्यातल्या ओ-रिंगला नखाएवढीही नाही, तिळाएवढी खाच पडली होती. जुनी रिंग घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले, नुसता व्यास नाही तर जाडीही जुळवून घेतली, बोटाने सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. भूत गेलं. आधी सर्व्हिसवाल्याने फोनवर “अख्खा पंप बदलावा लागेल” सांगितलं होतं.

ज्या पंपाला तेल बघायची काच असते तिथे अधूनमधून डोकवा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाण्याचे सील गेले, मशीन लगेच थांबवा.

जांभ्याबद्दल थोडं. दगड मऊ, भोकाभोकांचा. शून्य अंशाचं लाल नोझल लावलंत तर शेवाळाबरोबर चिऱ्याचा लाल भुगाही वाहून जाईल आणि चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) उघड्या पडतील. पांढरं, ४० अंशाचं लावा, हातभर अंतरावरून, तिरकं. कौलांवर तर नकोच, पाणी सांध्यातून आत शिरतं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर जवळून मारलंत तर पत्र्या वाकतात. धारेपुढे हात-पाय आणू नका, मुलांना गन देऊ नका. ती धार कातडीतून आत जाते, आणि जखम बाहेरून बारीक दिसली तरी तातडीने हॉस्पिटलात जायचं.

फक्त चिखलाची जीप किंवा पॉवर टिलर धुवायचा असेल तर प्रेशर वॉशर घेऊच नका. आंब्याला फवारणी करणाऱ्याकडे एचटीपी पंप असतो. तीन पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा. दाब कमी, पण पाणी भरपूर, आणि चिखल पाण्याने जातो, दाबाने नाही. शेवाळाला मात्र त्याचा उपयोग नाही.

माझ्या मशीनवर राग एकाच गोष्टीचा. सोबत आलेला होजपाइप पाच मीटरचा आणि इतका ताठ की गुंडाळलेला कधी सरळ होतच नाही. दर चार पायऱ्यांना मशीन उचलावं लागतं. दुकानात आठ-दहा मीटरचा मिळत असेल तर वरचे पैसे देऊन तोच घ्या.