वरच्या पुढच्या जबड्यातला जादा दात: आत्ता काढावा, थांबावं की राहू द्यावा?

मूल साडेसात वर्षांचं झालं, खालचे पुढचे दात कधीच आले, वरचा एक पटाशीचा दातही आला. दुसऱ्याचा मात्र पत्ता नाही. "येईल की, घाई कसली," असं आजी म्हणते आणि बऱ्याचदा तिचंच खरं होतं. पण जोडीतला एक दात आल्यावर सहा महिन्यांत दुसरा दिसला नाही, किंवा मधला यायच्या आधीच त्याच्या बाजूचा आला, तर एक्स-रे काढून घ्यावा. अशा एक्स-रेत कधीकधी दोन मोठ्या दातांच्या मधोमध एक बुटका, आगंतुक दात दिसतो. डॉक्टर त्याला 'मेसिओडेन्स' म्हणतात. कायमच्या दातांमध्ये असा एखादा जादा दात साधारण १ ते ३ टक्के लोकांत सापडतो, आणि मुलींच्या मानाने मुलांमध्ये दुपटीने. तेव्हा मुलाला चॉकलेट जास्त दिलं म्हणून झालं का, ही शंका सोडून द्या.

पालक पहिला प्रश्न विचारतात, "काढायचा का?" मी आधी आकार बघतो. सुळक्यासारखा टोकदार असेल तर त्याचं मूळ पटाशीच्या दातांच्या बरोबरीने किंवा आधीच तयार होतं. तो बऱ्याचदा स्वतःच बाहेर येतो, मध्ये फट पाडतो, शेजाऱ्याला जरा फिरवतो. पण त्याची वाट क्वचितच अडवतो. पिंपासारखा, डोक्यावर अनेक उंचवटे असलेला दात वेगळा. तो टाळूच्या बाजूला, पुष्कळदा जोडीने बसतो. स्वतः येत नाही आणि पुढच्यालाही येऊ देत नाही. तिसरा प्रकार हुबेहूब नेहमीच्या दातासारखा, बहुतेक वेळा बाजूच्या पटाशीच्या दाताची नक्कलच. तिथे दोघांपैकी ज्याची जागा आणि आकार बरा, तो ठेवायचा.

आता एक्स-रेचं. गावोगावच्या सेंटरमध्ये पहिल्यांदा ओपीजी काढतात: एकाच चित्रात सगळी बत्तीशी. इतर दात मोजायला उत्तम, पण नेमका पुढचा मधला भाग त्यात धूसर येतो, कारण त्यावर मानेच्या मणक्यांची सावली पडते. त्यामुळे ओपीजीत काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं धरू नये. तोंडात ठेवायची छोटी फिल्म स्वस्त, किरणं अगदी कमी आणि या भागापुरती जास्त स्पष्ट. तीच दोन वेगवेगळ्या कोनांतून काढली तर दात पुढे आहे की मागे तेही कळतं: यंत्र ज्या बाजूला सरकवलं त्याच बाजूला जादा दात सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट सरकला तर ओठाकडे. बहुतेक वेळा तो टाळूकडेच निघतो. सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा खास सीटी स्कॅन, त्रिमितीत सगळं दाखवतो, पण खर्च आणि किरणं दोन्ही छोट्या फिल्मपेक्षा जास्त. दात उलटा होऊन नाकाच्या दिशेने वळला असेल, फार खोल असेल किंवा शेजारच्या मुळाला टेकल्यासारखा वाटत असेल, तर हा स्कॅन काढावा, तोही फक्त तेवढ्याच भागाचा. "एकदा करूनच टाकू" म्हणून काढू नये.

खरा पेच वेळेचा. सहा-सात वर्षांचं असताना काढला तर अडलेल्या दाताचं मूळ अजून अपुरं असतं, म्हणजे स्वतःहून खाली उतरायचा त्याचा जोर शिल्लक असतो, आणि बाजूच्या दातांनी त्याची जागा खाल्लेली नसते. तोटा असा की हत्यार वाढत्या दाताच्या अगदी शेजारी चालवावं लागतं, आणि एवढं लहान मूल खुर्चीत शांत बसेलच असं नाही. मग पूर्ण भूल, हॉस्पिटल, खर्च. दहाच्या सुमारास मुळं जवळजवळ पूर्ण होतात. तोवर थांबलं तर इजेची भीती कमी होते आणि मुलाला नुसत्या इंजेक्शनच्या भुलीवरही भागवता येतं. पण तोवर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, मधली रेषा सरकते आणि अडलेला दात तारेने ओढून आणण्याची पाळी येण्याची शक्यता वाढते.

माझं मत स्पष्ट आहे. पटाशीचा दात अडला असेल तर थांबण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. अडलाच नसेल, आणि पाचव्या वर्षी दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत हा सापडला असेल, तर घाईने चिरफाड करण्यातही अर्थ नाही, नजर ठेवावी.

राहू देणं हाही खरा पर्याय आहे. सगळे दात जागेवर आले, त्या भागात तारा लावायच्या नाहीत, एक्स-रेत गाठ किंवा मुळाची झीज नाही, तर जादा दात हाडात पडून राहू शकतो. मात्र मधूनमधून एक्स-रे हवाच, कारण क्वचित का होईना, त्याच्याभोवती पाण्याची गाठ धरते. पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी आपले चार जादा दात आवाज बिघडेल या धास्तीने आयुष्यभर बाळगून होता. त्याचं कारण शास्त्रीय नव्हतं, पण जादा दात घेऊन माणूस जगू शकतो एवढं त्यातून कळतं. फक्त असे तीन-चार दात सापडले तर दंतवैद्यापुरतं थांबू नका. क्लायडोक्रॅनियल डिसप्लेसियासारख्या आजारात असं होतं, आणि त्यात गळ्याजवळची हाडंही अपुरी वाढलेली असतात.

काढायचं ठरलं तर टाळूची हिरडी उचलून दात काढतात आणि टाके घालतात. टाळूचा पुढचा भाग काही दिवस बधिर राहू शकतो. त्याने घाबरू नका. त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "अडलेल्या दाताला त्याच वेळी बटण आणि साखळी (पुढे तारेने ओढून आणण्यासाठी) चिकटवणार का?" जागा पुरेशी असली की पुष्कळ दात आपोआप उतरतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतात. दात फार वर असेल किंवा मूळ पूर्ण झालं असेल तर साखळी तेव्हाच लावून घ्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच हिरडीवर दुसरी चीर.