जॅक बदलला म्हणून पैसे घेतले, जॅक जागचा हललाच नव्हता

हे मी दोन महिन्यांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण तेव्हा डोकं एवढं तापलेलं होतं की नुसता राग उतरला असता, कामाचं काहीच लिहून झालं नसतं. ज्यांच्याकडे अजून जुने म्युझिक प्लेयर आहेत आणि ज्यांचा हेडफोनचा जॅक, म्हणजे पिन घालायचं भोक, त्रास द्यायला लागलाय त्यांनी प्लीज हे दुकानात जायच्या आधी वाचा. माझे पैसे गेले ते गेले, निदान तुमचे तरी वाचू देत.

माझा प्लेयर बारा-तेरा वर्षांचा आहे आणि मी तो रोज वापरते. त्यातली गाणी मी एकेक सीडी लावून कॉपी केलेली, नावं हाताने टाइप केलेली, फोल्डर लावलेले, आणि त्यातल्या कितीतरी सीडी आता घरात उरलेल्याही नाहीत. एवढं सांगायचं कारण म्हणजे पुढे त्या माणसाने बरोबर याच गोष्टीची भीती घातली.

सुरुवात अशी झाली की डाव्या कानातला आवाज मधेच जायचा, पिन थोडी फिरवली की खरखर होऊन परत यायचा. मग एक दिवस गाणं लावलं तर वाद्यं सगळी ऐकू येतायत आणि गाणाऱ्याचा आवाज गायब, म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण विहिरीच्या तळातून कोणी गातंय असा. पिन बोटाने दाबून धरली की ठीक, सोडली की परत तेच. मला वाटलं आतलं काहीतरी मोठं गेलं, आणि मी घाबरून सरळ रिपेअरवाल्याकडे गेले. घरी काहीच तपासलं नाही, दुसरा हेडफोनसुद्धा लावून बघितला नाही, ही माझी चूक.

त्याने खिशातून स्वतःचा मोबाइलचा हेडसेट काढला, माझ्या प्लेयरला लावला, एक कानातलं मला दिलं आणि म्हणाला, "बघा मॅडम, माझा हेडसेट नवा आहे, तरी आवाज पोकळ येतोय. म्हणजे जॅक तर गेलाच, पण ऑडिओ आयसी, म्हणजे आवाजाची चिप, पण गेलाय. बोर्डावरचं काम आहे. असंच वापरत राहिलात तर बोर्ड शॉर्ट होईल आणि मेमरीतलं पण सगळं जाईल." शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी पुढे काही विचारलंच नाही. तसाच प्लेयर सेकंडहँड घ्यायला जेवढे लागले असते त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे सांगितले, त्यातले अर्धे आधी घेतले आणि चार दिवसांनी या म्हणाला.

चार दिवसांनी गेले तर खरंच नीट वाजत होता. त्याने एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी पण दिली, आत एक पांढरा जॅक, "हा तुमचा जुना पार्ट, आम्ही काढलेला पार्ट परत देतो" असं म्हणून. मला तर उलट बरं वाटलं की माणूस प्रामाणिक दिसतोय. बिलावर फक्त "सर्व्हिसिंग व पार्ट" एवढंच लिहिलेलं होतं, कोणता पार्ट ते नाही. तेही मी बघितलं नाही.

दोन आठवडे झाले नाहीत तोवर परत तेच. डावा कान बंद, गायक विहिरीत. दुकानात गेले तर म्हणाला आता दुसरा आयसी गेलाय, हे वेगळं काम, वेगळे पैसे. तिथून मी परत आले आणि माझ्या मामेभावाला फोन केला. तो इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, अॅम्प्लिफायर वगैरे दुरुस्त करतो. म्हणाला, "ताई, कशालाही हात लावू नकोस, मी येतो."

त्याने सगळ्यात आधी प्लेयर उघडला नाही, नुसता बंद केला, टॉर्च जॅकच्या भोकात धरली आणि मला म्हणाला आत बघ. तळाशी काहीतरी करडं दिसत होतं. त्याने लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने आणखी बारीक केलं, ते जॅकच्या कडेकडेने आत घातलं आणि हळूहळू उकरत राहिला. आधी नुसते दोन-तीन धागे आले. मग एकदम अख्खा बोळा निघाला, मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा, नमद्यासारखा घट्ट दाबला गेलेला, आणि त्याच्या एका बाजूला पिनच्या टोकाचा गोल खळगा उमटलेला. मी बोटावर घेतला तर तेलकट लागला. खिशात, पर्समध्ये प्लेयर ठेवून ठेवून कपड्यांचे धागे आणि धूळ जॅकमध्ये जाते आणि प्रत्येक वेळी पिन घालताना आपणच ती आत ठासत जातो. मग एक दिवस पिन शेवटपर्यंत बसतच नाही. पिन बसताना जो टक्क असा आवाज येतो ना, तो माझ्या प्लेयरचा कित्येक महिने येतच नव्हता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बोळा काढल्यावर पिन घातली. टक्क. गाणारा परत आला.

आता यात फसवणूक कुठे ते बघा. मामेभाऊ म्हणाला, जर दोन आठवड्यांपूर्वी नवा जॅक बसवला असेल तर त्यात एवढा, वर्षानुवर्षं दाबून बसलेला बोळा आला कुठून? मग त्याने ती पिशवी मागितली. पांढरा जॅक काढला, उलटा केला आणि मला त्याचे पाय दाखवले. पाय एकदम चकचकीत, सरळ, कोरे. तो म्हणाला, बोर्डावरून काढलेल्या पार्टच्या पायांना सोल्डर (पार्ट बोर्डाला जोडायला वितळवून लावतात तो धातू) चिकटलेलं राहतंच, कितीही साफ करा कुठेतरी थर किंवा थेंब दिसतोच, आणि याचे पाय तर कधी बोर्डाला लागलेलेच नाहीत. मग प्लेयर उघडला. आतला जॅक काळा होता, पांढरा नाही, त्याच्या भोवतीचं सोल्डरिंग कंपनीतून आलेलं तसंच एकसारखं, आणि ज्याला दुकानदार ऑडिओ आयसी म्हणत होता त्याला तर कोणी हातसुद्धा लावलेला दिसत नव्हता. फक्त एका स्क्रूचं डोकं खराब केलेलं होतं. बोळा तेलकट होता त्यावरून मामेभावाचं म्हणणं असं की आत कसला तरी स्प्रे मारला असणार, त्याने थोडे दिवस कॉन्टॅक्ट बरा झाला, मी खूश, तो खूश.

आणि तो हेडसेट! माझा सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. माझ्या हेडफोनच्या पिनवर दोन काळ्या रेघा आहेत, म्हणजे पिनचे तीन भाग, टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्या कानाची आणि मागचा भाग ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची परतीची सामाईक तार. माईकवाल्या हेडसेटच्या पिनवर तीन रेघा असतात, म्हणजे चार भाग, एक माईकचा जादा. तीन भागांसाठी केलेल्या जुन्या प्लेयरमध्ये चार भागांची पिन घातली की काही जोड्यांमध्ये ग्राउंड नीट लागत नाही. आणि ग्राउंड सुटलं की दोन्ही कान एकामागे एक जोडले जातात, मग दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि फक्त फरक ऐकू येतो. गाण्यात गायकाचा आवाज बहुतेक वेळा बरोबर मध्ये ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखा, म्हणून तोच नेमका गायब होतो. पिन अर्धवट बसली तरी हेच होतं, हेडफोनच्या वायरमधली ग्राउंडची तार तुटली तरी हेच. मामेभावाने माझ्या साफ केलेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या प्लेयरला एक माईकवाला हेडसेट लावून दाखवला, आवाज पोकळ. मग हेडसेटवरचं कॉल घ्यायचं बटण दाबून धरलं तर आवाज भरून आला, कारण ते बटण माईकची तार ग्राउंडला जोडतं. बटण सोडलं, परत पोकळ. म्हणजे त्या माणसाने मला जो "पुरावा" ऐकवला त्याने आयसी खराब आहे हे कधीच सिद्ध होत नव्हतं. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

मेमरी उडण्याचं पण तसंच. हेडफोनच्या जॅकचा आणि गाणी साठवलेल्या मेमरीचा तसा काही संबंध नाही. प्लेयर यूएसबीने कॉम्प्युटरला लावा, फाइल दिसतायत ना, मग त्यांची एक कॉपी करून ठेवा, आणि मगच प्लेयर कोणाच्या हातात द्या. कॉपी असेल तर ही भीती तुम्हाला कोणी घालूच शकत नाही. मी हे एवढंसं केलं असतं तर त्या दिवशी काउंटरवर माझी बोलती बंद झाली नसती.

माझ्या प्लेयरमध्ये एक खरी बिघाडी पण निघाली, तीही सांगते. बोळा काढल्यावर गायक आला पण पिन बाजूला ढकलली की डावा कान अजून जायचा. जॅकच्या एका पायाचं सोल्डर भिंगातून बघितलं तर पायाभोवती केसासारखी गोल भेग होती. हेडफोन लावलेला प्लेयर पडला किंवा वायर ओढली गेली की सगळा जोर त्या पायांवर येतो आणि भेग पडते. मामेभावाने तिथे नवीन सोल्डर मारलं, गरम करून वितळवलं, झालं. चहा गार व्हायच्या आत. ना पार्ट लागला ना आयसी. सगळ्या प्लेयरमध्ये असं नसतं हं, काही जुन्या आयपॉडमध्ये जॅक आणि होल्डचं बटण एकाच रिबनच्या पट्टीवर असतात, तिथे अख्खी पट्टी बदलतात, सोल्डरिंगचा प्रश्नच येत नाही. म्हणून त्या मॉडेलमध्ये जॅक कसा बसवलाय हे आधी बघून जा, आणि दुकानदार त्याच्याशी न जुळणारं काही बोलायला लागला की लगेच कळेल.

आता घरी काय बघायचं ते. पहिलं म्हणजे दुसरा हेडफोन याच प्लेयरला आणि हाच हेडफोन दुसऱ्या कशाला तरी लावून बघा, दोन्हीकडून. मामेभावाकडे "प्लेयर बिघडला" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हेडफोनच गेलेला असतो, पिनपाशी जिथे वायर वाकते तिथे आतली तार तुटते, वरून काही दिसत नाही. मल्टिमीटर असेल तर पिनचं टोक आणि मागचा भाग यांच्यात रेझिस्टन्स बघा, मग मधली रिंग आणि मागचा भाग. साध्या हेडफोनला बहुतेक वेळा १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास काहीतरी येतं, आकडा कमीजास्त असू दे, दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात, आणि वायर हलवताना आकडा उड्या मारायला लागला तर तार तुटलीय. सेटिंगमध्ये बॅलन्स एका बाजूला सरकलाय का तेही बघा, एका कानाचा आवाज बंद होण्याचं ते पण कारण असतं. आणि हेडफोन लावल्यावरही प्लेयरचा स्पीकरच वाजत राहिला किंवा गाणं आपोआप थांबत असेल तर जॅकमधला पिन ओळखणारा छोटा स्विच अडकलेला असतो, तोही कित्येकदा मळामुळेच.

साफ करताना प्लेयर बंद. टाचणी, सुई, पिन असलं धातूचं काही आत घालायचं नाही, आतल्या पट्ट्या बारीक स्प्रिंगसारख्या असतात, एकदा वाकल्या की मग खरंच जॅक बदलावा लागतो. तोंडाने फुंकर पण नको, ओलावा जातो. नुसती खरखर असेल तर दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (९० टक्के किंवा त्याहून जास्त) जेमतेम ओला करून दोन-चारदा फिरवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच प्लेयर चालू करायचा. बिजागरीला मारतात ते तेलकट स्प्रे जॅकमध्ये मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते, माझ्या बोळ्याचं तेच झालं होतं.

१९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला त्याला दोन जणांनी ऐकायला दोन जॅक दिलेले होते, आणि या पिनचं मूळ तर १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आहे. तीन-चार पट्ट्या आणि एक भोक. तेवढ्यासाठी मला बोर्ड आणि आयसीच्या गोष्टी सांगितल्या गेल्या.

एवढं सगळं करूनही दुकानात द्यायची वेळ आली तर प्लेयरचे फोटो काढा, मेमरी कार्ड काढून घ्या, काय बदलणार ते पार्टच्या नावासकट लिहून घ्या आणि समोर उघडून दाखवा म्हणा. काढलेला पार्ट हातात आला की त्याचे पाय उलटून बघा. मी सगळे फोटो आणि ती पिशवी घेऊन परत गेले होते. तो म्हणाला बिलावर जॅक लिहिलाय का दाखवा. लिहिलेला नव्हता. पैसे नाही मिळाले. पिशवी मी ठेवलीये, बिलाला स्टेपल करून, आणि ओळखीतलं कोणी प्लेयर घेऊन रिपेअरला निघालं की आधी त्यांना तो पांढरा जॅक हातात देऊन त्याचे पाय दाखवते.