इंग्लंडला गेलेला माणूस शोधायचाय: ‘फुकट’ साइट की मूळ सरकारी नोंदी?

बाबांचा हॉस्टेलमधला मित्र 1974 साली इंग्लंडला गेला. पुढे पत्रं थांबली. गेल्या वर्षी बाबांनी त्याची फार आठवण काढली, तेव्हा मी दोन्ही वाटा धुंडाळल्या. एक म्हणजे ‘नाव टाका, माणूस शोधून देतो’ म्हणणाऱ्या साइट, दुसरी म्हणजे नोंदी मुळात जिथे ठेवल्या जातात ती सरकारी दफ्तरं.

साइटची बाजू आधी मांडतो. सगळं एका ठिकाणी मिळतं, आणि ज्याच्या नावावर कंपनी वगैरे काही नाही अशा नोकरदार माणसाचा माग लागलाच तर बहुधा तिथेच लागतो. त्यांचा मुख्य आधार म्हणजे मतदार यादीची खुली प्रत, जी स्थानिक कौन्सिल कुणालाही विकते. पण या प्रतीतून आपलं नाव काढून घेण्याची मुभा प्रत्येक मतदाराला आहे. पूर्ण यादी तुम्हाआम्हाला फक्त देखरेखीखाली बसून पाहता येते, हाताने टिपून घ्यावी लागते, आणि ती लावलेली असते रस्त्यांनुसार. त्यामुळे साइटवर नाव दिसलं नाही म्हणून माणूस तिथे नाही, असं समजू नका.

माझं मन उडालं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. एका साइटवर नाव टाकलं, हिरवी पट्टी सरकू लागली. ‘पत्ते जुळवत आहोत’, ‘नातेवाईक तपासत आहोत’. बाबा चष्मा लावून शेजारी खुर्ची ओढून बसले. दहाएक मिनिटांनी पट्टी भरली, ‘अहवाल तयार आहे’ असं आलं, आणि त्याखाली कार्डाचा नंबर मागणारा चौकोन. बाबा म्हणाले, “म्हणजे सापडला ना?” मला उत्तर देता येईना. प्रश्न पैशांचा नव्हता. माणूस सापडला की नाही, एवढंसुद्धा पैसे घेतल्याशिवाय कळू द्यायचं नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

मग मूळ नोंदींकडे वळलो. अशा शोधात आधी एक अवघड गोष्ट पाहून घ्यावी लागते: माणूस हयात आहे ना? त्यासाठी प्रोबेटची, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटपाला कोर्टाने दिलेल्या मंजुरीची, सूची मोफत शोधता येते, पैसे पडतात ते मृत्युपत्राची प्रत मागवली तर. ‘द गॅझेट’ या ब्रिटनच्या सरकारी राजपत्रात मृतांच्या मालमत्तेच्या, दिवाळखोरीच्या आणि नाव बदलल्याच्याही सूचना मिळतात. इंग्लंड-वेल्सच्या जन्म-विवाह-मृत्यूंची सूची 1837 पासूनची आहे, ती स्वयंसेवकांनी उतरवून ‘फ्रीबीएमडी’ या मोफत साइटवर ठेवली आहे. स्कॉटलंडचं खातं वेगळं, तिथे मूळ नोंदीचं पान उघडायला पैसे लागतात.

आमचं काम झालं ‘कंपनीज हाउस’मध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दफ्तरात. जून 2015 पासून ही नोंदवही पूर्ण मोफत आहे. संचालकाच्या नावाने शोधता येतं, आणि जन्माचा महिना व वर्ष दिसत असल्याने एकाच नावाचे दोघे वेगळे काढता येतात.

मेहनत आहे, नाही असं नाही. आपली नावं इंग्रजीत कशीही लिहिली जातात: जोशींच्या शेवटी कुणी एक ‘आय’ लावतं, कुणी दोन ‘ई’. मी सहा-सात स्पेलिंगं कागदावर लिहून एकेक खोडत गेलो. शेवटी त्या मित्राच्या वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकलं, तेव्हा एक छोटी कंपनी निघाली. जन्मवर्ष जुळलं. जुन्या ताळेबंदाच्या स्कॅन केलेल्या पानावर सही होती, ती मोठी करून दाखवली. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “ही खालची रेघ बघ, उजवीकडून डावीकडे ओढलेली. जर्नलवर अशीच करायचा.”

नाव अगदी विरळ असेल किंवा घाई असेल, तर साइटवर एकदा नजर टाकायला हरकत नाही. कुणाला तिथे चांगला अनुभवही आला असेल. मी मात्र पुन्हा शोधायची वेळ आली तर सरळ मूळ नोंदींपासूनच सुरुवात करेन.

एक लक्षात ठेवा: कंपनीज हाउसवर दिसणारा पत्ता पत्रव्यवहाराचा असतो, बरेचदा अकाउंटंटचा. घरचा पत्ता झाकलेला असतो, आणि तो झाकलेलाच असावा. आम्ही त्याच पत्त्यावर बाबांच्या हातचं पत्र पाठवलं, पाकिटावर ‘कृपया पुढे पाठवावे’ असं इंग्रजीत ठळक लिहून. उत्तर यायला पाच आठवडे लागले, तेव्हा थोडा धीर धरा.